खाका आणि रंग : मोठ्यांच्या रंगवण्याच्या पुस्तकांतून व्यापाऱ्याने घ्यावयाचा धडा

रंग भरावयाची पुस्तके म्हणजे लहान मुलांचा विषय, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. मूल हट्टाला पेटले की एक पुस्तक आणि खडूची पेटी हातात द्यावी, घरात तासभर शांतता. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत ही पुस्तके नोकरदार माणसे, गृहिणी आणि निवृत्त शिक्षकही स्वतःसाठी विकत घेऊ लागले आहेत. सातारा, कराड, सांगली, मिरज येथील स्टेशनरीच्या दुकानांतूनही बारीक नक्षीची, 'मंडला'ची पुस्तके टांगलेली दिसतात.

बाजारात एखादी वस्तू चालू लागली की व्यापाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. ती का खपते? किती दिवस खपेल? आणि तिच्यातला पैसा कोणाच्या हाती जातो? या लेखात आपण या तीन प्रश्नांचा विचार करू. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाने कागदाच्या मालावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. याचे कारण असे की हा माल मुळात कापडाच्या दुकानातलाच आहे.

खाका म्हणजे काय?

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. उर्दूत 'खाके में रंग भरना' असा एक वाक्प्रचार आहे. एखादी योजना आधी नुसती मांडलेली असते. ती प्रत्यक्षात उतरवणे म्हणजे खाक्यात रंग भरणे. खाका म्हणजे बाहेरची रेघ. मूळ शब्द 'खाक', म्हणजे धूळ. जुने कारागीर नक्षीच्या कागदाला सुईने भोके पाडीत आणि वरून कोळशाची किंवा खडूची भुकटी थोपटीत. खाली धुळीची नक्षी उमटे, तो खाका.

आमच्या बाजारात ही पद्धत कालपरवापर्यंत होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. ट्रेसिंग पेपरवर वेलबुट्टी काढायची, रेघेवर जवळजवळ भोके टोचायची, कागद कापडावर ताणून धरायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने त्यावरून फिरवायची. गडद कापड असेल तर निळीऐवजी पांढरी झिंक पावडर. पाच मिनिटांत उशीच्या अभ्र्यावर फुले उमटतात. मग गिऱ्हाईक अँकरच्या लड्या घेऊन जाते. आठ मीटरची लडी, सहा पदरी धागा. दोन-दोन पदर काढून महिनाभर ती फुले भरत बसायची. नंतर धाग्याच्या जोडीला फॅब्रिक पेंटच्या बाटल्या आल्या. पुस्तकात रंग भरणारी आजची बाई आणि अभ्र्यावर टाके भरणारी तिची आई, दोघींचे काम एकच आहे. दुसऱ्याने आखलेल्या रेघेच्या आत आपला रंग भरणे.

पुढे सुरतेचा संगणकावर भरलेला तयार माल आला. हाताने महिना लागणारे काम मशीन काही मिनिटांत करू लागले आणि किंमतही कमी. आम्ही व्यापाऱ्यांनी असे गृहीत धरले की आता खाका कोण मागणार! येथेच आमची चूक झाली. खाक्याचे गिऱ्हाईक फुलांचा अभ्रा विकत घेत होते, असे आम्ही समजत होतो.

परदेशात काय घडले?

मोठ्यांच्या रंगपुस्तकांची पहिली लाट अमेरिकेत १९६१-६२ साली आली. तिची सुरुवात 'एक्झिक्युटिव्ह कलरिंग बुक' या साहेब लोकांची थट्टा करणाऱ्या पुस्तकाने झाली. ते रंगवण्यापेक्षा हसण्यासाठी होते. थट्टा जुनी झाली आणि लाट ओसरली.

दुसरी लाट निराळी होती. २०१२ साली फ्रान्समध्ये अशेत या प्रकाशन संस्थेने मनाचा ताण घालवण्यासाठी शंभर चित्रे, अशा थाटाचे पुस्तक काढले. २०१३ साली स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफोर्ड या चित्रकर्तीचे 'सिक्रेट गार्डन' लंडनहून निघाले. या बाईंचे शिक्षण डंडी येथील कला महाविद्यालयात कापडावरील छपाईच्या विषयात झाले आहे, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. प्रकाशकाने त्यांना मुलांसाठी पुस्तक मागितले होते. त्यांनी ते मोठ्यांसाठी करू असे सुचवले. दोन वर्षांत त्या एका पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. अमेरिकेत २०१४ साली मोठ्यांची सुमारे दहा लाख रंगपुस्तके विकली गेली होती. २०१५ साली हा आकडा सुमारे एक कोटी वीस लाखांवर गेला.

याचा परिणाम पेन्सिलींवर झाला. जर्मनीच्या फाबर-कास्टेल या जुन्या कारखान्याला २०१६ साली रंगीत पेन्सिलींसाठी जादा पाळ्या चालवाव्या लागल्या. पुस्तक एकदा विकले जाते, पेन्सिल पुन्हा पुन्हा विकली जाते. खाका एकदाच उमटवायचा, पण लड्या महिनाभर विकायच्या, हाच आमचाही जुना हिशेब होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस चित्र पालटले. अमेरिकेतील बार्न्स अँड नोबल या मोठ्या पुस्तक-दुकानांच्या कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये नाताळच्या हंगामातील विक्री घटल्याचे जाहीर केले, तेव्हा रंगपुस्तकांचा ओसरलेला खप हे त्याचे एक कारण सांगितले. म्हणजे ऐन भरतीचा काळ जेमतेम दोन वर्षांचा. पुस्तके बंद पडली नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत पुष्कळांनी ती पुन्हा हाती घेतली, आणि अलीकडे बारीक नक्षीऐवजी मोठ्या, सोप्या, ठळक रेघांच्या चित्रांना मागणी आली आहे. मात्र पहिल्या लाटेत ज्यांनी गोदामे भरली, त्यांना या पुढच्या मागणीचा उपयोग नव्हता. नक्षीच बदलली होती.

गिऱ्हाईक नेमके काय विकत घेते?

अमेरिकेतील करी आणि कॅसर या दोन अभ्यासकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ८४ विद्यार्थ्यांच्या मनात प्रथम थोडी चिंता निर्माण केली आणि नंतर त्यांना वीस मिनिटे रंगवायला बसवले. काहींना गोल मंडला दिला, काहींना चौकड्याची नक्षी दिली आणि काहींना नुसता कोरा कागद. मंडला आणि चौकडा रंगवणाऱ्यांची चिंता सारखीच कमी झाली. कोऱ्या कागदावर मनाला येईल ते काढणाऱ्यांची तशी कमी झाली नाही. २०१२ साली इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा चौकड्यापेक्षा मंडला सरस ठरला. तेव्हा मंडलाच चांगला की चौकडाही चालेल, यावर एकमत नाही. पण कोऱ्या कागदापेक्षा मंडला मनाला अधिक स्वस्थ करतो, ही गोष्ट दोन्हींकडून पुढे येते.

चौकडा म्हणजे आमच्या लुंगीचा, चादरीचा, शाळेच्या गणवेशाचा चौकडाच. कोऱ्या कागदापुढे माणसाला पहिला प्रश्न पडतो की काय काढू? ते चांगले दिसेल का? कोणी हसेल का? आखलेल्या नक्षीत हे प्रश्न राहत नाहीत. फक्त 'येथे हिरवा भरू की पिवळा?' एवढाच लहान निर्णय उरतो, आणि तो चुकला तरी नुकसान नाही. दिवसभर मोठे निर्णय घेऊन थकलेल्या माणसाला याचीच गरज असते.

माझ्या दुकानातील एक अनुभव सांगतो. मिरजेच्या एक शिक्षिका दोन मीटर मांजरपाट घेऊन खाका मागू लागल्या. मी म्हणालो, "ताई, याच नक्षीचे तयार टेबलक्लॉथ आले आहेत. स्वस्तही पडेल." त्या म्हणाल्या, "भाई, तयार घेतला तर मी संध्याकाळी काय करू?" या उत्तराने माझी समजूत बदलली. बाईंना टेबलक्लॉथ नको होता, संध्याकाळ हवी होती. आम्ही व्यापारी माल जितका पूर्ण तितका त्यात नफा, असे मानतो. येथे गिऱ्हाईक अर्धा माल मागत होते आणि उरलेला अर्धा भाग स्वतःच्या हाताने पूर्ण करण्याचे पैसे देत होते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. रंगवणे हा विरंगुळा आहे, औषध नव्हे. झोप उडाली असेल, मन सतत उदास राहत असेल, तर डॉक्टरकडेच गेले पाहिजे. पुस्तकाच्या वेष्टनावर 'आजार बरा होतो' असे छापणारा व्यापारी खोटे माप देणाऱ्यासारखाच आहे.

आमचे नुकसान कसे झाले?

हा धडा मला फुकट मिळालेला नाही. २०१७ च्या सुरुवातीला मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याने मला रंगपुस्तके आणि छापील खाक्याचे अभ्रे दाखवले. परदेशात हा माल हातोहात जातो, असे तो म्हणाला. ते खरे होते, पण एक वर्ष जुने खरे होते. उधारीत मिळते म्हणून मी ६०० पुस्तके आणि २४० अभ्रे उचलले. दोष त्याचा नव्हे. माल विकणे त्याचे काम होते, चौकशी करणे माझे होते.

पहिल्या पाच महिन्यांत २१० पुस्तके गेली. मी खूष झालो. पुढच्या दोन वर्षांत मिळून ४० गेली. ३५० पुस्तके आणि १५० अभ्रे सांगलीच्या गोदामात पडून राहिले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यात आमचे गोदामही होते. पाणी उतरल्यावर पुस्तकांचा नुसता लगदा निघाला. अभ्रे धुतले, तर खाक्याची रेघ धुऊन गेली. ती धुऊन जाण्यासाठीच असते. साधे अभ्रे म्हणून ते निम्म्या भावाने विकले. कापड धुऊन काही तरी हाती येते, कागद भिजला की शून्य. नदीकाठच्या बाजारपेठेत धंदा करणाऱ्याने कागदाचा साठा करताना ही गोष्ट विसरू नये.

थोडा हिशेब

हाच माल मी कसा घ्यायला हवा होता, हे उदाहरणाने पाहू. आकडे समजुतीसाठी आहेत; आपल्या गावचे भाव घालून हिशेब पुन्हा करावा.

समजा, तीस चित्रांचे एक पुस्तक काढायचे आहे. चित्रकाराचे प्रति चित्र ३०० रुपयांप्रमाणे ९,००० रुपये झाले. ५०० प्रती छापल्या तर छपाई-बांधणी प्रतीमागे ४५ रुपये, म्हणजे २२,५०० रुपये. एकूण खर्च ३१,५०० रुपये. प्रत ६३ रुपयांना पडली. २०० च प्रती छापल्या तर प्रतीमागे ६० रुपये, म्हणजे १२,००० रुपये. एकूण २१,००० रुपये; प्रत १०५ रुपयांना पडली. विक्रीची किंमत १५० रुपये. दुकानदाराचे तीस टक्के, म्हणजे ४५ रुपये वजा जाता आपल्या हाती १०५ रुपये येतात.

वरवर पाहता ५०० प्रतींचा सौदा चांगला. प्रतीमागे ४२ रुपये नफा, आणि २०० प्रतींच्या सौद्यात काहीच नाही. म्हणूनच माणूस फसतो. आता समजा, १८० प्रतीच विकल्या गेल्या. हाती आले १८,९०० रुपये. ५०० छापणाऱ्याचे १२,६०० रुपये बुडाले, २०० छापणाऱ्याचे २,१००. उलट, पुस्तक चालले आणि २०० ही प्रती संपल्या, तर दुसऱ्या खेपेस चित्रांचा खर्च नाही. पुन्हा १२,००० रुपयांत २०० प्रती, त्यांचे २१,००० रुपये येतात आणि ९,००० रुपये नफा होतो. पहिली खेप बाजाराची नाडी पाहण्यासाठी, दुसरी खेप कमाईसाठी. लाटेच्या मालात हा नियम पाळणारा क्वचितच बुडतो.

रेघ कोणाची?

आता तिसरा प्रश्न, पैसा कोणाच्या हाती जातो? येथे मला माझ्याच धंद्यातील एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या दुकानासाठी एक आपा खाके काढीत व टोचीत. एका खाक्याचे त्यांना वीस रुपये मिळत. तो एक खाका आम्ही दोन-दोनशे वेळा उमटवीत असू आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाकडून पैसे घेत असू. कागद झिजला की आपांना नवा टोचायला सांगत असू, तेही वीस रुपयांतच. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि मला कधी ते खटकले नाही. मिरजेच्या ताईंनी तयार माल नाकारला, तेव्हा मला समजले की दुकानातील खरा माल ती रेघ होती. कापड माधवनगरचे आले काय किंवा इचलकरंजीचे, रंग कोणत्याही कंपनीचा असला काय, गिऱ्हाईक रेघेसाठी येत होते. आणि रेघ काढणाऱ्या हाताला सर्वांत कमी मिळत होते.

२०२१ पासून आम्ही व्यवहार बदलला. आपा हंगामाला सहा नवे खाके देतात. ठराविक मेहनताना आधी, आणि शिवाय प्रत्येक विक्रीमागे हिस्सा. वहीत त्यांचे स्वतंत्र खाते आहे. धंदा मोठा झालेला नाही, पण माल अडकत नाही. नक्षी आता अशी येते जी दुसऱ्या दुकानात मिळत नाही, कारण आपांना आता नवे काही शोधण्यात रस आहे. उदारपणा म्हणून हे सांगत नाही. हक्क देणे आणि धंदा सांभाळणे येथे एकच झाले.

नक्षी घेताना दुसऱ्याची उचलू नये. इंटरनेटवरून चित्र उतरवून छापणे ही चोरीच आहे. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे चित्रावर त्याचा व वारसांचा हक्क असतो. उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्यातील औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. राज्यकारभार सांभाळून ते स्वतः चित्रे काढीत. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली निघाले आणि त्यांनी स्थापन केलेले श्री भवानी संग्रहालय औंधला आजही आहे. मोठ्या माणसाने विरंगुळ्यासाठी कुंचला धरणे आपल्या भागाला नवे नाही, हे यावरून दिसते. ते १९५१ साली वारले. म्हणजे २०११ च्या अखेरीस त्यांच्या चित्रांवरील हक्काची मुदत संपली. मात्र संग्रहालयात जाऊन फोटो घ्यायचा तर तेथील परवानगी घेतलीच पाहिजे.

जुन्या इमारतींची नक्षी सर्वांना खुली आहे. सांगलीहून विजापूर दूर नाही. तेथील इब्राहिम रोजाच्या दगडी जाळ्या, त्यांतील अक्षरे आणि वेली पाहिल्या तर एका पुस्तकाची चित्रे त्यातूनच निघतील. आपल्या घरांतून प्राण्यांची व माणसांची चित्रे नको, फुलपाने आणि जाळी द्या, अशी मागणी नेहमी असते. ही मागणी अडचण समजू नका. जाळी, चौकडा आणि वेलबुट्टी सर्व धर्मांच्या घरांत चालते.

नवशिक्या व्यापाऱ्यासाठी सूचना

१. पुस्तकासाठी कागद १०० ते १२० जीएसएमचा आणि एकाच बाजूने छापलेला घ्यावा. पातळ कागदावर स्केचपेनचा रंग मागे उतरतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

२. खाक्यासाठी कापड सुतीच असावे. टेरिकॉटवर रंग नीट धरत नाही. कोरे कापड आधी धुऊन खळ काढावी. रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करावी, हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगावे व चिठ्ठीवरही द्यावे.

३. नक्षी तीन प्रकारची ठेवावी. बारीक, मध्यम आणि मोठी. चष्म्याचे वय झालेले गिऱ्हाईक मोठी नक्षी मागते, आणि निवांत वेळही त्याच्याचकडे असतो.

४. पुस्तकाशेजारी सुट्या पेन्सिली ठेवाव्यात. पेटीतला हिरवा आणि निळा आधी संपतो. एक रंग सुटा मिळतो म्हणून गिऱ्हाईक आपल्याकडे येते आणि चार वस्तू घेऊन जाते.

५. रंगवण्याच्या पुस्तकांवर जीएसटी नाही. पेन्सिल, रंगखडू आणि आपला शिंप्याचा खडू यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. मात्र करमुक्त मालासाठी छपाई वगैरे बिलांवर जो कर आपण भरतो, त्याची वजावट मिळत नाही. तो खर्चात धरूनच किंमत ठरवावी.

६. चित्रकला ग्रेड परीक्षा दिलेली मुले-मुली आणि शाळांतील चित्रकलेचे शिक्षक आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. त्यांच्याकडून चित्रे घ्यावीत. करार साध्या कागदावर का असेना, लेखी करावा. किती पैसे आधी, प्रतीमागे किती आणि पुन्हा छापल्यास किती, या तीन गोष्टी त्यात असाव्यात.

७. उधारीत मिळतो म्हणून माल घेऊ नये. लाट आली असे घाऊक व्यापारी सांगतो, तेव्हा ती दुसऱ्या गावी ओसरू लागलेली असू शकते.

कोणी विचारील, या लहान धंद्यात असे किती मिळणार? खरे आहे, यात बंगला बांधला जाणार नाही. परंतु कापडाच्या दुकानात एक कपाट, स्टेशनरीच्या दुकानात एक फळी आणि घरी बसून रेघ काढणाऱ्या एका हुनरमंद बाईच्या खात्यावर दर महिन्याला काही रक्कम, एवढे यातून निश्चित होते. रंग गिऱ्हाईक भरणारच आहे. आपण रेघ सरळ काढावी, आणि जिने ती काढली तिचा हिस्सा महिनाअखेर तिच्या खात्यावर जमा करावा.